बिनकोळशाचं वावर

सिरसाळा,
मंगळवार, दुपार

प्रिय रोहिणी,

अनेक आशीर्वाद. फोन केला की ‘अप्पा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस. पत्राला असं सांगून गप्प बसवता येत नाही, म्हणून आज दुकानात गिऱ्हाईक कमी बघून कागद ओढलाय. बापाचं अक्षर लागत नाही अशी सबब सांगू नकोस. याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांवर तू शाळेला दांड्या मारल्यास, आणि मास्तरांना ते बरोबर लागायचं. घरी सगळं मजेत आहे. ऊन असं पडलंय की खताच्या पोत्यावर पापड भाजावा. आईचा गुडघा कुरकुरतो, पण गल्लीत कुणाकडं हळदीकुंकू निघालं की तोच गुडघा माझ्या पुढं पळतो. मी तसं बोलून दाखवलं, तर परवा मला भाजीत मीठच मिळालं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तू आईला फोनवर म्हणालीस, बिनकोळशाच्या वावराचा नियम मी काढून टाकते, निदान लहान गावांपुरता तरी. कोळशाची तपासणी ठरवणाऱ्या तुमच्या समितीची शेवटची बैठक आली आहे, तिथं तसं मत देते. आईनं फोन ठेवला आणि आनंदानं शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ला, खोटं कशाला बोलू, पण रात्रभर कूस बदलत राहिलो. दोष शिऱ्याचा नव्हता. इकडं काय घडलं ते तुला तपासणीला आलेल्या भागवतसाहेबांच्या अहवालातून कळलंय. अहवालात माणसं नसतात. म्हणून आमच्या बाजूनं सगळं एकदा ऐक, मग काय मत द्यायचं ते दे. शेवटी तुझं डोकं कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे मला तुझा बाप म्हणून माहीत आहे.

तुला आठवतं ना, हे कोळशाचं खूळ गावात आलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोधक मीच होतो? मी बी-बियाणं, खतं आणि जोडीला गोडं तेल विकणारा माणूस. लोक वावरात काजळी टाकायला लागले तर माझ्या पोत्यांकडं कोण बघणार? पण कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर जाळायच्या आणि सगळ्या शिवारात धूर करायचा, यापेक्षा ते बरं होतं. खड्ड्यात पऱ्हाट्या रचायच्या, वरून पेटवायच्या, निखारा झाला की पाणी मारायचं, कोळसा कुटून शेणकाल्यात भिजवायचा आणि मातीत मिसळायचा. पऱ्हाटीनं हवेतून ओढलेला कार्बन मातीत पुरला गेला, असा हिशेब. परदेशातली एक कंपनी त्याबद्दल आमच्या शेतकरी गटाला पैसे द्यायची. भट्टीपाशी वजन करायचं, वावरात फोटो काढायचा, झाली तपासणी. मोहनराव गटाचे अध्यक्ष, त्यामुळं प्रत्येक फोटोत घमेलं दुसऱ्याच्या हातात आणि मोहनराव मधोमध.

मग तुमच्या समितीनं तपासणीचे नियम नव्यानं लिहायला घेतले. नुसतं वजन आणि फोटो चालणार नाही, कोळसा मातीत टिकतो का ते माती काढून बघा. आणि आपल्या मातीत चुलीची राख, उकिरड्यातला कोळसा आधीचाच असतो, म्हणून त्याच शिवारात एक वावर बिनकोळशाचं ठेवा. दोन्ही मातींतला जो फरक, तेवढाच तुमचा. हा नियम तूच भांडून घालायला लावलास हे मला ठाऊक होतं, पण मी गावात एक शब्द काढला नव्हता. पुढं तो काही गावांत करून बघायचं ठरलं, त्यात आपलं गाव निघालं, आणि तुझं माहेर म्हणून तू त्यातून बाजूला झालीस. तुझ्या जागी भागवतसाहेब आले. तेव्हा मला तुझा लई अभिमान वाटला होता. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसतेस.

गटाच्या बैठकीत मात्र नियम कुणाच्या गळी उतरेना. एक वावर कावून, का म्हणून उपाशी ठेवायचं, असा एकच कालवा. भागवतसाहेब इंग्रजी शब्द मराठीत सांगून घामाघूम झाले. शेवटी मी उठलो. म्हणालो, दुकानात तुम्ही तेल न्यायला आपला डबा घेऊन येता, तेव्हा मी आधी काय करतो? रिकाम्या डब्याचा धडा करतो. दुसऱ्या पारड्यात तेवढं वजन टाकून तराजू सारखा करतो आणि मग तेल ओततो. धडा केला नाही तर तुम्ही पत्र्याचे पैसे तेलाच्या भावानं द्याल. ते बिनकोळशाचं वावर म्हणजे आपला धडा. सगळ्यांच्या माना हलल्या, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी चौकात हेच भाषण स्वतःच्या नावावर केलं, आणि टाळ्या मला पडल्या होत्या त्याहून जास्त घेतल्या.

वावर निवडायचं ते चिठ्ठी टाकून, कारण निवड आमच्यावर सोपवली असती तर आम्ही गावातलं सगळ्यात फुफाट्याचं, निकस वावर पुढं केलं असतं. चिठ्ठी निघाली छबुबाईची. तुझी छबूमावशी, आपल्या बांधाला बांध असलेली. नवरा गेल्यापासून एकटी शेती करते आणि जिभेला कधी धार लावावी लागत नाही. तिनं ऐकलं आणि थेट मला विचारलं, दुकानदार, सगळ्या गावाच्या पंगतीत माझंच पान कावून रिकामं? मी धड्याचं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, मग तुमचा डबा ठेवा की तराजूत. त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी तिनं बंद केली. हरभऱ्याचं बी आणायला परळीला गेली, एसटीनं, आणि पिशवी मला दिसावी म्हणून दुकानासमोरून दोनदा नेली. पण शब्द पाळला हो. आपल्या हातानं वावरात कोळशाचा कण टाकला नाही.

आणि मग आली येळवस. तू पुण्यात बसून विसरली असशील, पण इथं त्या अमावस्येला गावात कुत्रं राहत नाही, सगळे वावरात. कडब्याची कोप, चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीची घागर. पिकाला आंबील शिंपडायची, वावराला जेवू घालायचं आणि मग आपण जेवायचं. मी इतकी भज्जी हाणली की बोराटीखाली आडवा झालो. सगळे बाप्ये तसेच पडलेले. छबुबाई तिच्या कोपीशी तोंड फिरवून बसली होती. तुझी आई तिला तिळाची पोळी द्यायला गेली, तर छबुबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, नीला, आज सणाचा दिवस, समद्यांच्या वावराला काळं लेणं हाय, माझ्याच वावराचं कपाळ कोरं.

झालं. तुझ्या आईला हे सहन होतंय होय! ती वाढायला बसली की ताट बघत नाही आणि ताटावरचा माणूस किती खाऊ शकतो हेही बघत नाही. भट्टीपाशी उरलेल्या कोळशाचा ढीग होता. आई गेली, पदरात थोडा कोळसा घेतला, वर हळदीकुंकू वाहिलं आणि छबुबाईच्या वावराची ओटी भरली. नियम मोडतोय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्या हिशेबी कोळसा टाकणं वेगळं आणि ओटी भरणं वेगळं. ओटी तर गरोदर पिकाची भरायचीच असते. एकीनं भरली म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? मोहनरावांची बायको आली, तिच्या तीन जावा आल्या, वरच्या आळीच्या आल्या. अध्यक्षांच्या घरची ओटी म्हणजे मूठभर कशी चालेल, तिनं टोपलंच ओतलं. आम्ही बाप्ये घोरत होतो. जाग आली तेव्हा सगळ्या जणी हात काळे करून हसत बसलेल्या, आणि मी आपला खुळ्यासारखा विचारतोय, चूल विझली का म्हणून.

हरभरा निघाल्यावर भागवतसाहेब माती काढायला आले. लोखंडी नळी जमिनीत ठोकायची आणि आतली माती अख्खी बाहेर ओढायची, असं त्यांचं काम. छबुबाईच्या वावरातली पहिली नळी बाहेर आली ती कोळशाच्या कणांनी भरलेली, आणि साहेबांनी लगेच दुसरी ठोकली. प्रयोगशाळेचा निकाल आला तो आणखी भारी. बिनकोळशाच्या वावरात मोहनरावांच्या वावरापेक्षा जास्त कोळसा! साहेब निकाल घेऊन परत आले, महादेवाच्या सभामंडपात बैठक बसली. मोहनराव उठले आणि म्हणाले, वाऱ्यानं उडून गेला असंल. लगेच सगळे वाऱ्याच्या मागं लागले. कुणी म्हणे उत्तरेचा वारा, कुणी म्हणे वावटळ, एकानं तर उंदरांवर घातलं. साहेब शांतपणे ऐकत होते. आता हे त्यांनी मानलं असतं तर वर्ष निभावलं असतं, कारण वाऱ्याला काही कागदावर सही करावी लागत नाही. मीसुद्धा वाऱ्यालाच मान हलवली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं तुझी आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. म्हणाली, साहेब, वारा न्हाई अन् उंदीर न्हाई. आमी ओटी भरली. मी पैली, माझ्यामागं समद्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि ओटी कशी भरली ते सगळं विचारून घेतलं. आईनं हळदीकुंकवासकट सांगितलं. साहेबांना हसू आवरेना, पण निकाल काही त्यांनी बदलला नाही. गटाचं यंदाचं सगळं मोजमाप बाद. नवं वावर ठेवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. जाताना ते म्हणाले, दुसऱ्या एका गावी बिनकोळशाच्या वावरात मेंढरं बसवली, पण ओटी पहिल्यांदाच ऐकतोय. नियमात आता एक ओळ वाढवायला सांगतो: गावात कोणत्या सणाला वावरात काय टाकतात ते आधी बायकांना विचारावं.

घरी येताना मी तुझ्या आईवर चिडलो होतो, आणि तिचा इतका अभिमानही वाटत होता की चिडायला जमेना. मला तुझा सातवीतला मुगाचा प्रयोग आठवला. एक वाटी खिडकीत, एक ट्रंकेत. अंधारातल्या वाटीला पाणी द्यायचं नाही असं तू सगळ्या घराला बजावलंस, आणि ट्रंकेतला मूग टोपी घालून बाहेर आला. आईनं रोज पाणी घातलं होतं. मुक्या बियाला तहानलेलं कसं ठेवू, म्हणाली. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मग स्वतः उठून नवा मूग भिजवलास आणि ट्रंकेला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातलीस. ती किल्ली घालून तू अंघोळीलासुद्धा गेलीस, आणि मला गोधडी काढायला ट्रंक उघडता येईना.

सभामंडपातल्या त्या बैठकीनंतर तू माझ्याशी फोनवर बोलायची बंद झालीस. माझ्या नियमानं माझ्याच गावाचं वर्ष गेलं, हे तुझ्या मनाला लागलं, एवढं कळायला मला अहवाल नको. इकडं गावाला बातमी लागलीच की नियम विरुपाक्षअप्पाच्या रोहिणीचा. मग काय, दुकान म्हणजे कचेरी झाली. युरिया घ्यायला आलेला माणूस जाता जाता म्हणतो, आपलीच पोर हाय, सांगा की तिला. मोहनराव तर चहा घेऊन येतात, स्वतःच्या पैशानं, यावरून ओळख. मी त्यांना सांगितलं, अध्यक्ष, माझ्या पोरीला मी काही सांगितलं आणि तिनं ऐकलं, असं आजवर एकदा तरी झालंय का? आणि खरं सांगू, मला सांगायचंही नव्हतं. तिकडं परदेशात कुणीतरी माणूस आपल्याला पैसे देऊन आपल्या कोळशाच्या भरवशावर कारखान्याचा धूर सोडणार. आपण म्हणायचं एवढा कार्बन पुरला, आणि मातीत निम्माच असायचा, तर उरलेला धूर जाणार कुठं? तो फिरून आपल्याच उन्हात येणार. आयुष्यभर तराजूमागं बसलो. गिऱ्हाईक लहान आहे म्हणून त्याला धड्यातून माफी देतो म्हणालो, तर ते गिऱ्हाईक खूश होईल, पण माझा तराजू कोण मानील?

बायका मात्र शहाण्या निघाल्या. त्यांनीच आग्रह धरला की पुन्हा करायचं, आणि येत्या येळवसेला त्या वावराची राखण आम्हीच करणार. गेल्या रविवारी, म्हणजे तुझा तो फोन येऊन गेल्यावर, बैठक बसली. चिठ्ठीत या वेळी अजून कोळसा न पडलेलीच वावरं होती, छबुबाईचं नव्हतं, म्हणून चिठ्ठी उचलायचा मान तिला दिला. तिनं तांब्यात हात घातला, कागद मोहनरावांकडं दिला, आणि मोहनरावांच्या तोंडावरूनच मी ओळखलं. आपलं वावर निघालं, रोहिणी. विहिरीजवळचं, तुझ्या नावावर करायचं म्हणून ठेवलेलं. छबुबाई एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी घरी आलो तो धुमसत. दुसऱ्या दिवशी भट्टीकडं गेलो, ढिगाशी उभा राहिलो, एक टोपलं तर टाकू, कुणाला कळणार आहे, असं मनात आलं. मग तसाच परत आलो. मला वाटलं, तू सुटका केलीस. घरात बोललो, रोहिणी नियमच काढतेय, मग आपलं वावर मोकळं. तर तुझी आई, जिनं शिरा केला होता तीच, पोळपाट बाजूला सारून म्हणाली, आमी छबूच्या वावराची कीव केली अन् समद्यांचं वरीस घालवलं. आता पोरगी आमची कीव करायलीय. तिला लिवा. म्हणून हे पत्र. आपलं वावर चिठ्ठीत निघालंय हे तुला ठाऊक नव्हतं, आणि ते न कळवता तुला मत द्यायला लावणं मला जमेना. आता नियम निघाला तर पहिला फायदा तुझ्या बापाचा, हे समितीला सांग, आणि तो बापच म्हणतोय की काढू नकोस हेही सांग. आमच्यावर माया कर, भरपूर कर, फोन उचल, सुट्टीला ये, पण मोजताना आमच्याकडं बघू नकोस. छबुबाई काल अन् आज सकाळी आपल्या बांधावर येऊन मातीत बोट घालून बघून गेली आणि मग माझ्या दुकानात येऊन बसली, बीसुद्धा आता इथूनच नेणार म्हणते. तेव्हा नियम राहू दे, बाळा. वावर उपाशी राहील. राहू दे. त्याच्याकडं मी बघतो.

तुझाच,
अप्पा